थकल्या दिवसाचे जेवण

भारतीय समाजात अन्नाला मोठे स्थान आहे. सणासुदीचा स्वयंपाक, नैवेद्याचे ताट, लग्नाच्या पंगती, पाहुण्यांचे आदरातिथ्य यांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. सुगरणीचे कौतुक तर देशातील प्रत्येक भाषेत आढळते. परंतु ज्या दिवशी माणसाच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नसते, मन कशातच लागत नाही आणि तरीही पोटात दोन घास जाणे आवश्यक असते, त्या दिवसाच्या जेवणाविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक असे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात, आणि सणांच्या दिवसांपेक्षा ते संख्येने कितीतरी अधिक असतात.

दिवसभर उभे राहून काम करणारा आणि रात्री भाड्याच्या खोलीवर परतणारा तरुण, रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणारी परिचारिका, नोकरी सांभाळून परीक्षेचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी, दीर्घ आजारातून नुकताच उठलेला माणूस, जोडीदाराच्या निधनानंतर मागे राहिलेले वृद्ध, या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा असतो. भूक असो वा नसो, चुलीपर्यंत जायचे कसे? यांपैकी बरेच जण चहा आणि चार बिस्किटांवर वेळ निभावून नेतात. काही जण तसेच झोपी जातात.

विशेष गोष्ट अशी की, स्वयंपाकात निष्णात असलेल्या गृहिणीही यातून सुटत नाहीत. घरची माणसे बाहेरगावी गेली की, ‘एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप?’ असे म्हणून त्या कालची पोळी चहाबरोबर खातात आणि दिवस काढतात. आयुष्यभर इतरांना गरम जेवू घातलेल्या स्त्रीला स्वतःसाठी मूठभर तांदूळ शिजवणे हा खटाटोप वाटावा, यामागे केवळ थकवा नाही. आपले जेवण इतरांच्या जेवणाइतके मोलाचे नाही, ही खोलवर रुजलेली समजूतही त्यामागे आहे.

अशा वेळी न शिजवणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्याची रीत आहे. पुष्कळदा तो स्वतःच स्वतःला तसे म्हणवून घेतो. हा शब्द मात्र येथे लागू पडत नाही. स्वयंपाक हे एक काम दिसत असले, तरी ती अनेक कामांची साखळी असते. काय करायचे हे ठरवावे लागते, घरात काय आहे आणि काय संपले आहे हे आठवावे लागते. मग निवडणे, धुणे, चिरणे, फोडणी देणे, शिजेपर्यंत लक्ष ठेवणे, वाढणे आणि शेवटी भांडी घासून ओटा पुसणे. अंगात बळ असताना या सर्व पायऱ्या एकापाठोपाठ सहज चढल्या जातात. बळ नसले की, त्यातील पहिलीच पायरी, म्हणजे काय करायचे हे ठरवणे, सर्वांत उंच वाटू लागते. मोरीत साचलेली भांडी पाहूनच माणूस माघारी वळतो. त्याला खाण्याची इच्छा नसते असे नाही. इच्छा आणि ताट यांच्या मध्ये जेवढी कामे उभी असतात, तेवढी करण्याची शक्ती त्याच्यापाशी त्या दिवशी उरलेली नसते.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण खरी आहे; पण ती सडकून भूक लागलेल्या माणसाची आहे. अति थकव्यात आणि उदासीनतेत भूकच मागे सरते. चहाच्या एका कपाने ती आणखी मरते. न खाल्ल्याने अशक्तपणा वाढतो आणि अशक्तपणामुळे पुन्हा शिजवणे होत नाही. हे चक्र एकदा सुरू झाले की, त्याचे मूळ स्वभावात शोधले जाते. खरे पाहता ते बरेचसे शरीरात असते.

याची साक्ष देणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने उपासमारीच्या परिणामांचा अभ्यास केला. त्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. सुमारे सहा महिने त्यांना गरजेपेक्षा कमी अन्न देण्यात आले. त्यांची वजने घटली, हे अपेक्षितच होते. परंतु त्याबरोबर ते उदास आणि चिडचिडे झाले, त्यांची कामातील गोडी गेली, माणसांत मिसळण्याची इच्छा मावळली. उत्तम प्रकृतीचे आणि दृढ निश्चयाचे हे तरुण होते. अन्न कमी पडताच त्यांचा हुरूपही ओसरला. मनाचा उत्साह हा पोटापासून वेगळा राहत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे सांगणाऱ्या लोकांना ते अनुभवाने आधीच ठाऊक होते.

भारतात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया आणि त्याच वयाचे २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आढळले. सतत थकवा वाटणे हे रक्तक्षयाचे ठळक लक्षण आहे आणि आहारात लोह कमी पडणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतो, तर लिंबाची फोड त्याला मदत करते. म्हणजे ज्या गृहिणीला ‘अलीकडे काही करवतच नाही’ असे वाटते आणि म्हणून जी चहापोळीवर भागवते, ती नकळत आपला थकवाच वाढवत असते. तिला दोष देण्याआधी तिच्या ताटाकडे पाहणे अधिक न्यायाचे आहे.

मग अशा दिवसासाठी काय असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मराठी घरांतील जुन्या फडताळात ते डब्या-बरण्यांतून भरलेले असे. हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरे, मेथ्या असे जिन्नस भाजून दळलेले मेतकूट घरात असले की, मऊ भात, तूप आणि मीठ एवढ्यावर जेवण होई. भाजणीचे पीठ तयार असले की, कांदा चिरून थालीपीठ लावणे एवढेच काम उरे. सातूचे पीठ तर भाजलेलेच असल्याने त्याला विस्तवही लागत नाही. गूळ आणि दूध किंवा नुसते पाणी घालून ते कालवले की झाले. दहीपोहे, ताकात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे, भाजलेला पापड हे सारे याच जातीचे पदार्थ होत. कोकणात आणि गोव्यात कष्टकरी माणसे पेज पितात आणि तिच्याबरोबर लोणच्याची एखादी फोड किंवा सुक्या मासळीचा तुकडा तोंडी लावतात.

ही दृष्टी केवळ मराठी घरांपुरती नाही. बिहारात भाजलेल्या हरभऱ्याचा सत्तू पाण्यात कालवून, त्यात मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून माणूस कामावर जातो. ओडिशात रात्री पाण्यात भिजवलेला भात पखाळ म्हणून, तर बंगालमध्ये पान्ता भात म्हणून दुसऱ्या दिवशी खातात. तांदळाबरोबर मुगाची डाळ शिजवून केलेली खिचडी तर देशभर सर्वत्र आहे. धान्यात जी प्रथिनांची उणीव असते ती डाळ भरून काढते, म्हणून एका भांड्यात शिजणारे हे अन्न साधे असले तरी निकृष्ट नाही. नावे वेगळी, पीठे वेगळी. तरी सर्वांमागील विचार एकच आहे. ज्या दिवशी अंगात बळ आहे, त्या दिवशी थोडे जास्त करून ठेवावे, म्हणजे ज्या दिवशी बळ नसेल त्या दिवशी उपाशी राहावे लागत नाही. शेतकरी धान्य साठवतो तशीच ही मेहनतीची साठवण आहे.

तथापि, या परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या बरण्या आपोआप भरत नव्हत्या. उन्हाळाभर पापड लाटणारे, कुरडया घालणारे, धान्ये निवडून भाजणारे हात स्त्रियांचेच होते आणि त्यांच्या थकव्याची नोंद कोठेही होत नव्हती. परिस्थिती आजही पुरेशी पालटलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले की, सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी घरातील विनावेतन कामे करत होत्या आणि त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. पुरुषांपैकी अशी कामे करणारे शंभरात सुमारे २६ होते आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे होता. घरात एकाच व्यक्तीला स्वयंपाक येत असेल, तर ती व्यक्ती थकल्यावर सगळे घरच अडते. आणि त्या व्यक्तीला तर थकण्याचीही मुभा राहत नाही. म्हणून जुन्या फडताळाची सोय हवी असेल, तर ते भरण्याचे काम घरातील सर्वांनी वाटून घेतले पाहिजे. मुलग्याला वरण-भात लावता येणे हे कौतुकाचे नव्हे, तर सामान्य शिक्षणाचे लक्षण मानले गेले पाहिजे.

घराबाहेरही समाजाने ही गरज वेळोवेळी ओळखली आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार कुटुंबाविना राहत. पाळी संपवून आलेल्या माणसाने पुन्हा चूल पेटवावी, अशी अपेक्षा तेथे कोणी केली नाही. वस्तीतील स्त्रियांनी चालवलेल्या खाणावळींत त्यांचे जेवण होत असे. या स्त्रिया स्वतः मात्र सावकारी कर्जाने गांजलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले. त्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या सुमारास, मुंबईत घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहिली होती. अलीकडच्या काळात तमिळनाडूत २०१३ मध्ये अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहे निघाली आणि महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत पोळी, भाजी, वरण व भात देणारी शिवभोजन थाळी सुरू केली. थकलेल्या माणसाला परवडेल अशा दरात आणि चालत जाता येईल अशा अंतरावर शिजलेले अन्न मिळणे, ही चैन नसून नागरी सोय आहे, हा विचार या सर्व उपक्रमांमागे दिसतो.

समाजाच्या शहाणपणाचे याहूनही जुने उदाहरण म्हणजे दुःखाच्या घरची रीत. ज्या घरात मृत्यू होतो, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारी आणि नातलग पिठले-भात घेऊन येतात आणि घरच्यांना आग्रहाने दोन घास खाऊ घालतात. त्याचप्रमाणे बाळंतिणीसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू इतरांनी करून ठेवायचे असतात. शोकात आणि बाळंतपणात माणसाकडून स्वयंपाकाची अपेक्षा ठेवू नये, हे समाजाला पूर्णपणे मान्य आहे. तेव्हा कोणी त्याला आळशी म्हणत नाही. परंतु ज्या थकव्याला असे नाव नाही, जो रोजच्या कामातून, काळजीतून, एकटेपणातून किंवा मनाच्या आजारातून येतो, त्याला मात्र ही सवलत मिळत नाही. ती मिळाली पाहिजे. शेजारच्या एकट्या वृद्धाच्या दारात एक वाटी आमटी नेऊन देण्यासाठी त्याच्या घरी काही अघटित घडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशी मोकळीक दिली तर माणसे शिजवणेच सोडून देतील आणि बाजारच्या पाकिटांवर जगू लागतील. या भीतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तळलेल्या, अतिखारट, तयार खाद्यपदार्थांवर रोजचे जेवण उभे करणे आरोग्यास हितकारक नाही. परंतु माणूस पाकिटाकडे वळतो तो बहुधा साध्या जेवणाला जेवण मानण्याची सवय सुटल्यामुळे. पोळी, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर असे संपूर्ण ताट झाले तरच ते जेवण, अशी कल्पना मनात घट्ट असली की, तेवढे होणार नाही म्हणून माणूस काहीच करत नाही. संपूर्ण ताट आणि उपवास यांच्या मध्ये दहीभात आहे, खिचडी आहे, उकडलेले अंडे आणि भाकरी आहे, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक केळे आहे. ही मधली वाट ज्याला मोकळी आहे, त्याला पाकिटाची गरज कमी भासते. अपेक्षा उतरवणे म्हणजे शिस्त सोडणे नव्हे. रोज थोडे तरी नीट खाणे हीच अधिक टिकणारी शिस्त आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. बळ असलेल्या दिवशी डाळ थोडी जास्त शिजवावी, एखादे पीठ भाजून ठेवावे, लसूण सोलून ठेवावा. थकल्या दिवशी काय करायचे, हे त्या दिवशी ठरवावे लागू नये. असे दोन-तीन पदार्थ आधीच ठरलेले असावेत. एकाच भांड्यात शिजेल आणि त्याच भांड्यातून खाल्ले तरी चालेल असे अन्न निवडण्यात कमीपणा नाही. शिळे आणि नासलेले यांतील भेद मात्र पाळावा. उरलेला भात उन्हाळ्यात तासन् तास बाहेर न ठेवता थंड जागी झाकून ठेवावा आणि खाण्यापूर्वी चांगला गरम करावा. शक्य तर ओट्याशी उभे राहून न खाता खाली बसून, ताटलीत वाढून घेऊन खावे. पाहुण्याला जसे वाढले जाते, तसे स्वतःला वाढण्यात अहंकार नाही.

तसेच, हा अनुत्साह दोन-चार दिवसांत सरला नाही, आठवडे उलटले तरी अन्नावरची वासना परतली नाही, वजन घटू लागले किंवा जगण्यातलाच रस गेला, तर तो केवळ थकवा नाही हे ओळखावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्ताची तपासणी करून घ्यावी. मनाच्या आजारासाठी भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मदत मिळते. औषध आणि समुपदेशन यांबरोबरच दोन वेळचे साधे अन्न हाही उपचाराचाच भाग असतो.

स्वयंपाक ही कला आहे, यात शंका नाही. परंतु कलेच्याही आधी ती जगण्याची गरज आहे आणि गरज भागवताना गुण मोजायचे नसतात. इतरांना जेवू घालणे हे पुण्याचे काम मानणाऱ्या समाजाने स्वतःला जेवू घालणे हेही तितकेच आवश्यक काम मानावयास हवे. थकलेल्या माणसाने रात्री मऊ भातावर मेतकूट आणि तूप घालून घेतले आणि तो पोटभर जेवून झोपला, तर त्याने त्या दिवसाचे कर्तव्य पूर्ण केले असे समजावे. उद्या कामाला, अभ्यासाला किंवा नुसते उठून बसण्याला जे बळ लागेल, ते त्या चार घासांतूनच येणार असते.